नाइट डाइव्हसाठी छोटा बॅकअप टॉर्च: पिळायचा, बटणाचा की मॅग्नेटच्या रिंगचा?

खानापूरची_मासोळी

नमस्कार मंडळी. मी खानापूरची, नोकरीला बेळगावात. मागच्या सीझनला तारकर्लीत स्कूबा डाइव्हिंगचा पहिला कोर्स, ओपन वॉटर, केला. आता जानेवारीत हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, त्याच्या पुढचा अॅडव्हान्स्ड कोर्स करायला जातेय. त्यात पाच डाइव्ह असतात. डीप आणि नेव्हिगेशन सक्तीचे, उरलेले तीन आपण निवडायचे. मी हौसेनं नाइट डाइव्ह निवडलाय आणि आता त्याच्याच विचारानं झोप उडालीय.

तिथल्या इन्स्ट्रक्टरनी कळवलंय की मोठा टॉर्च भाड्यानं मिळेल, पण बॅकअप स्वतःचा आणलात तर बरं. बजेट सहा हजार. शोधून शोधून तीन प्रकारांवर येऊन अडकलेय:

पहिला, तीन ट्रिपल-ए सेलचा. डोकं पिळलं की लागतो, उलटं फिरवलं की बंद. ३०० लुमेन (उजेडाचं माप), सगळ्यात स्वस्त.

दुसरा, बॅटरी आतच बसवलेली, मागे रबरी झाकणाखाली यूएसबी चार्जिंग. एकच बटण, पाच मोड, त्यात एसओएस पण आहे. १२०० लुमेन.

तिसरा, १८६५० ची एक बॅटरी, काढता येते. बाहेरची रिंग फिरवून चालू-बंद होतो, आत मॅग्नेटचं काहीतरी आहे म्हणे. १००० लुमेन. बजेटच्या थोडा वर जातो.

आमच्या बाबांचं म्हणणं वेगळंच. रात्रीची थ्री-फेज आली की उसाला पाणी पाजायला जो हेडटॉर्च लावून जातात, तोच ने म्हणतात. त्याच्यावर आयपीएक्स-८ (पाण्यात टिकायचा दर्जा) लिहिलंय हे खरं. घरात वाद नको म्हणून तेही विचारून ठेवते. चालेल का?

---

गणपत_गल्ली

फोन पाऊचमध्ये घाला, गळ्यात अडकवा, फ्लॅश चालू. फुकटात काम. 😄

---

उद्यमबाग_सीलवाला

गणपत गल्लीवाल्यांचं मनावर घेऊ नका ताई. पाऊच पाच-दहा मीटरला चपटा होऊन फोनला चिकटतो, मग स्क्रीनही चालत नाही.

आधी माझी ओळख, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्ही ठरवाल. मी इन्स्ट्रक्टर नव्हे. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. दिवसभर ओ-रिंग (सांध्यातून गळू नये म्हणून बसवायची गोल रबरी कडी), यू-कप, वायपर, असली सीलं, हेच. डाइव्हिंग हौसेचं, आंबोलीमार्गे मालवण नाहीतर मुर्डेश्वरहून नेत्राणी. त्यामुळं टॉर्चवरचे लुमेन मी सगळ्यात शेवटी वाचतो.

टॉर्च हातात आला की पहिलं मोजायचं, ह्याला भोकं किती? पाणी आत जायचा रस्ता किती ठिकाणी आहे? काचेभोवती एक, ते कुणालाच चुकत नाही. बॅटरीचं झाकण दुसरं. बटण असेल तर तिसरं. चार्जिंगचं पोर्ट असेल तर चौथं. तुमच्या दुसऱ्या नंबरच्या टॉर्चला बॅटरी आतच आहे म्हणजे एक झाकण वाचलं असं वाटेल. पण त्याच्या बदल्यात पोर्टवर एक मऊ रबरी बूच आहे, जे तुम्ही प्रत्येक चार्जिंगला नखानं उचकटणार. दोन सीझनमध्ये ते कडेला सैल पडतं. आणि ते बूच वेगळं विकत मिळत नाही, हा खरा त्रास. ओ-रिंग मात्र कुठंही मिळते.

तिसऱ्याची गंमत अशी की त्याच्या स्विचला भोकच नाही. मॅग्नेट बाहेरच्या रिंगमध्ये, त्याला ओळखणारा सेन्सर आत, मध्ये अखंड अॅल्युमिनियम. पाणी जाणार कुठून?

आता दाबाचं सांगतो, कारण सगळे खोलीला घाबरतात आणि घाबरायचं असतं दुसरीकडंच. ३० मीटरला पाण्याचा दाब साधारण ३ बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेएवढा दाब). टॉर्चची काच ३ सेंटीमीटर व्यासाची धरली तर तिच्यावर २१ किलोच्या आसपास भार येतो. ऐकायला मोठं वाटतं. पण आमच्याकडं २०० बारचे पॉवरपॅक (हायड्रॉलिक पंपाचे संच) रोज चालतात आणि त्यातही अशीच ओ-रिंग असते, नायट्राइल रबराची. दाब वाढला की ओ-रिंग खाचेच्या पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकते आणि उलट जास्त घट्ट बसते. गळायचं असेल तर ती कमी दाबाला गळते. बादलीत, बोटीच्या शिडीपाशी, पहिल्या एक-दोन मीटरला. तिथं पाण्याचा रेटा नसतो, रिंगची स्वतःची जी काय चेप असेल तीच. त्यात एक केस आडवा पडला, वाळूचा कण राहिला, किंवा मागच्या वेळचं मीठ सुकून बसलं, झालं काम. त्यामुळं डब्यावर ‘१०० मीटर’ की ‘१५० मीटर’ ह्यात तुमच्यासाठी काही फरक नाही. तुम्ही ३० च्या खाली जाणारच नाही. फरक आहे तो झाकणाला ओ-रिंग एक आहे की दोन, आणि ती तुम्हाला सहज काढून पुसता येते की नाही, ह्यात.

आयपीएक्स-८ चं उत्तर: नाही. आयपीएक्स-७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याच्या पुढं, पण किती पुढं आणि किती वेळ हे बनवणाऱ्यानं स्वतः ठरवून लिहायचं असतं. हेडटॉर्चच्या कागदावर बारीक अक्षरात बघा, बहुतेक १-२ मीटर सापडेल. ती चाचणीही स्थिर पाण्यातली. बाबांना म्हणावं पाटात पडला तर चालतोय, समुद्रात नको.

पहिल्या नंबरबद्दल. पिळायचे टॉर्च हसण्यावारी नेऊ नका. पाण्याखालच्या गुहांत जाणारे लोक वर्षानुवर्षं असलेच दोन टॉर्च छातीला लावून जातात, कारण बिघडण्यासारखं त्यात फार काही नसतंच. पण एक समजून घ्या. ज्या डोक्याला ओ-रिंग आहे तेच डोकं तुम्ही स्विच म्हणून फिरवता. म्हणजे प्रत्येक चालू-बंदला सील घासलं जातं. बंद करताना अर्धा-पाऊण आटा सोडायचा, बास. बंद झालं तरी हात चालूच राहिला आणि दोन-तीन आटे सुटले तर पाण्याखालीच आत पाणी. आणि फारच कमी सैल ठेवलं तर खाली गेल्यावर दाबानं डोकं आत ढकललं जातं, कॉन्टॅक्ट टेकतो आणि टॉर्च आपोआप लागतो. मग हवा त्या वेळी सेल संपलेला.

मला विचाराल तर तिसरा. बाराशे की हजार ह्यात पडूच नका. बॅकअपला ३०० सुद्धा पुरतात.

---

कारवारचो_बोटवालो

सीलवाल्यांनी टॉर्च छान उघडून दाखवला. मी पाण्यातलं सांगतो. मी बोटीवर असतो आणि लोकांना टॉर्च शोधताना रोज बघतो.

टॉर्च कितीही भारी असो, खिशात ठेवला की नसल्यासारखाच. बीसीडीचा (डाइव्हला अंगात घालायच्या हवेच्या जॅकेटचा) खिसा अंधारात, हातमोजे घालून, एका हातात दुसरं काही धरून उघडून बघा एकदा घरी. बॅकअप जॅकेटच्या छातीवरच्या डी-रिंगला (धातूच्या कडीला) हवा. स्टीलचा छोटा बोल्ट स्नॅप (खटका ओढून उघडायचा हुक) घ्या आणि टॉर्चच्या मागच्या भोकातून नायलॉनच्या दोरीनं बांधा. लोखंडाला लोखंडाची कडी नको. अडकलं तर दोरी कापता येते, कडी नाही. मग टॉर्च लोंबकळू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद रिंग कापायची, पट्ट्यावर चढवायची, टॉर्चचं डोकं तिच्यात खोवायचं. टॉर्चबरोबर जी मनगटाची दोरी मिळते ती काढून टाका. बॅकअप हातात धरून फिरायचा नसतोच.

घरी खुर्चीत बसून डोळे मिटा आणि हात लावून तो काढा, चालू करा, बंद करा. दहा वेळा जमलं की विसरा.

किरण अरुंद घ्या. ८-१० अंशांचा. रुंद किरण व्हिडिओवाल्यांसाठी. आपल्या पाण्यात तरंगणारा कचरा भरपूर, रुंद उजेड मारला तर आंबोली घाटात धुक्यात हाय-बीम मारल्यासारखं होतं, सगळं पांढरं. अंदमानचं पाणी बरं असतं, पण रात्री उजेडाला प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) जमतंच. शिवाय अरुंद किरण इशाऱ्याला कामाचा. वाळूवर गोल फिरवला की ‘ठीक आहे’. सावकाश आडवा हलवला की ‘इकडे लक्ष द्या’. जोरजोरात हलवला की ‘अडचण आहे’. दोस्ताच्या, म्हणजे जोडीला असलेल्या डायव्हरच्या, तोंडावर कधीच मारायचा नाही, त्याचे डोळे अंधाराला सरावलेले असतात ते पुढची काही मिनिटं कामातून जातात.

एसओएस, फ्लॅश असले मोड असलेला बॅकअप मी तरी घेणार नाही. एकदा दाबलं पूर्ण, दोनदा अर्धा, तीनदा लुकलुक. घाबरलेल्या माणसाला तीन वेळा दाबायला लावणारं बटण काय कामाचं? आणि रात्री एकानं लुकलुक लावली की सगळ्यांना वाटतं काहीतरी झालं.

आता सीलवाल्यांशी थोडं भांडण. मॅग्नेटची रिंग पाण्यासाठी उत्तम, वाळूसाठी नाही. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं असेल, लाटेत एकदा गुडघ्यावर पडलात, की रिंगखाली वाळू. मग ती करकर करते, कधी अडकते. मी पिळायचा घेईन. सेल कुठल्याही दुकानात मिळतात, हॅवलॉकच्याही.

---

उद्यमबाग_सीलवाला

वाळूचं मान्य. पण अडकलेली रिंग गोड्या पाण्यात बुडवून चार वेळा फिरवली की मोकळी होते, टॉर्च जिवंत राहतो. पिळायच्या टॉर्चच्या आट्यात वाळू गेली तर ती ओ-रिंगपर्यंत जाते. मी माझ्या मतावर आहे, तुम्ही तुमच्या.

सेलचं मात्र लिहायचं राहिलंच होतं, आणि त्यात फसवणूक फार. ताई, १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. एवढ्या जागेत चांगल्या कंपनीचा सेल ३५०० एमएएचच्या (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) आसपास भरतो. ऑनलाइन ‘९९००’ लिहिलेले येतात, त्या आकड्याचा सेल त्या मापात बनतच नाही. वजनाला हलका लागला तर समजून जा. प्रोटेक्शन सर्किट (सेल फार रिकामा झाला की वीज तोडणारं) असलेला घ्या. पण तो ६५ पेक्षा तीन-चार मिलिमीटर लांब असतो, तुमच्या टॉर्चच्या नळीत बसतो का ते आधी बघा. रिपेअरवाले लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढून देतात ते तर अजिबात नको.

अल्कलाइन आणि लिथियम ह्यांचा स्वभाव वेगळा. अल्कलाइन हळूहळू मंद होत जातो, म्हणजे सांगून सवरून जातो. लिथियमवाला टॉर्च बराच वेळ एकसारखा पेटतो आणि शेवटी प्रोटेक्शन सर्किटनं वीज तोडली की एकदम अंधार. म्हणून लिथियमवाल्याला बॅटरी कमी झाल्याचा लाल दिवा असेल किंवा शेवटी आपोआप मंदावत असेल तर तो घ्यावा. डाइव्हच्या आदल्या रात्री फुल्ल चार्ज, मल्टिमीटर असेल तर ४.२ व्होल्ट दिसायला हवेत.

आणि उजेड किती वेळ पुरायला हवा, तर पूर्ण डाइव्हपेक्षा जास्त. मोठा टॉर्च गेला की डाइव्ह संपला, बॅकअपवर बाकीचं बघत बसायचं नाही हे खरं. पण दोस्त शोधायचा, वर यायचं, ५ मीटरला खबरदारी म्हणून तीन मिनिटं थांबायचं, मग बोटीला दिसायचं. बोट कुठं असेल ते कुणी सांगावं.

---

खानापूरची_मासोळी

बाप रे, एवढं सगळं! मनापासून आभार. तिसराच घेते. वरचे पैसे बाबा देतो म्हणाले, मात्र अट अशी की मी परत आले की टॉर्च त्यांचा, उसात न्यायला. 😂

दोन शंका उरल्यात. एक, रिंगमध्ये मॅग्नेट आहे आणि मला नेव्हिगेशन डाइव्हपण करायचाय. होकायंत्राला त्रास होईल का? दोन, सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) बेंगळूर, तिथून पुढचं विमान. बॅटरी कुठल्या बॅगेत?

---

सांबरा_ते_सगळीकडे

दुसऱ्याचं उत्तर मी देतो. सुटा लिथियम सेल चेक-इनमध्ये अजिबात नाही, हातातल्या बॅगेतच. टॉर्चमधून काढा, प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत ठेवा, नाहीतर दोन्ही टोकांना टेप लावा. मर्यादा १०० वॉट-अवर (बॅटरीतल्या ऊर्जेचं माप) आहे, तुमचा सेल १२-१३ चा, त्यामुळं अडवणार नाहीत. सिक्युरिटीला टॉर्चचं नळकांडं स्क्रीनवर विचित्र दिसतं, वरच ठेवा म्हणजे सगळी बॅग उपसावी लागत नाही.

---

उद्यमबाग_सीलवाला

होकायंत्राला त्रास होतो. घरीच बघा, टेबलावर होकायंत्र ठेवून टॉर्च हळूहळू जवळ आणा, कुठं सुई हलायला लागते ते कळेल. नेव्हिगेशन डाइव्ह दिवसाचा असेल तर त्याला टॉर्च घरी ठेवा, बास. रात्रीच्या डाइव्हला होकायंत्र डाव्या मनगटावर असेल तर टॉर्च उजव्या डी-रिंगला.

बाबांना एक जरूर सांगा, हा उसात फार वेळ चालणार नाही. डाइव्हचा टॉर्च पाण्यानं थंड होतो. १००० लुमेन हवेत लावून ठेवला की अंग चटका बसेल इतकं तापतं, आतली ओ-रिंगही कडक होते. काही टॉर्च तापले की स्वतःच मंद होतात, सगळे नाही. बाबांनी लो मोडवर वापरला तर ठीक.

टॉर्च आला की लगेच पाण्यात नेऊ नका. आमच्याकडं सिलिंडर जोडला की टेस्टला लावल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नाही, तसंच हेही करायचं. बॅटरी न घालता आत टिश्यूपेपरचा तुकडा गुंडाळून ठेवा, झाकण लावा. आधी रात्रभर बादलीत. कमी दाबाची परीक्षा तिथं होते. मग खानापुरात विहिरी काय कमी आहेत? दोरीला बांधा, खाली एखादा दगड, आणि तळाला सोडून अर्धा तास ठेवा. चाळीस फूट पाणी असेल तर सव्वा बारच्या आसपास दाब मिळतो. वर काढल्यावर आधी बाहेरून कोरडा पुसा, झाकण खाली धरून उघडा, म्हणजे आट्यातलं पाणी आत न जाता बाहेर गळेल. टिश्यू कोरडा असेल तर पास. नुसता दमट असला तरी परत पाठवा.

समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायचा, नुसता नळाखाली धरून भागत नाही. मीठ खाचेत बसतं. रिंग पाण्यातच फिरवायची. महिनाभर वापर नसेल तर बॅटरी बाहेर. आणि कधी आत पाणी गेलंय असा संशय आला तर काच किंवा झाकण तोंडाकडं धरून उघडायचं नाही. खारं पाणी आणि सेल एकत्र आले की आत वायू साठतो, झाकण उडू शकतं.

---

कारवारचो_बोटवालो

ओ-रिंगला ग्रीस किती लावायचं तेही सांगा. लोक थापतात.

---

उद्यमबाग_सीलवाला

बरोबर बोललात. रिंग नखानं किंवा टोकदार पिननं काढू नका, चिरा पडतात. दोन बोटांनी एका बाजूला चिमटून फुगवटा आणा, तिथून उचला. टिश्यूनं नाही, सुती फडक्यानं पुसा, टिश्यूचे तंतू मागे राहतात. मग मोहरीएवढं ग्रीस दोन बोटांत घेऊन रिंग त्यातून ओढायची. नुसती चमक दिसली पाहिजे, पांढरं दिसलं म्हणजे जास्त झालं. जास्त ग्रीस सील करत नाही, वाळू धरून ठेवतं. खाचपण पुसायची, तिथंच केस सापडतो. चिरलेली, चपटी झालेली रिंग दिसली तर टाकून द्या. डब्यात एक-दोन जादा येतात त्या जपून ठेवा. संपल्या तर जुनी घेऊन उद्यमबागेत कुठल्याही सीलच्या दुकानात या, मापानं देतील. ७० शोअरचं (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) नायट्राइल म्हणून मागा.

---

खानापूरची_मासोळी

ग्रीस कुठलं? घरी पंपाचं आहे, व्हॅसलिन आहे.

---

उद्यमबाग_सीलवाला

दोन्ही नको. व्हॅसलिननं काही जातीचं रबर फुगतं, आणि तुमच्या टॉर्चमधलं कुठल्या जातीचं हे वरून कळत नाही. शुद्ध सिलिकॉन ग्रीस मागा. दुकानदार ‘हेच चालतंय की’ म्हणून पंपाचं पुढं करेल, घेऊ नका. छोटी ट्यूब पुरते, कित्येक वर्षं संपत नाही.

---

खानापूरची_मासोळी

ठीक. शनिवारी शहापूरला येणारच आहे, तिथून उद्यमबागेत चक्कर मारते. विहीर आमच्या शेतातच आहे, पाणी पस्तीस फूट तरी असेल. बाबा दोरी शोधायला लागलेत.